हत्तीचा चारा

मार्चच्या एकोणीस तारखेला किरीटभाईंनी
वहीचा एक कागद माझ्याकडे सरकवला,
मधोमध उभी रेघ त्यांनीच ओढलेली, जराशी तिरकी.
"वृषालीबेन, डावीकडे विकतचं, उजवीकडे फुकटचं.
शुक्रवारपर्यंत भरून आणा."

मकरपुऱ्याच्या या शेडमध्ये आम्ही व्हॉल्व्ह बनवतो,
वाफ अडवणारे, तेल सोडणारे.
आणि जिन्याखालच्या माझ्या खोलीत, एसीच्या घरघरीत,
चौदा वर्षांचा हिशेब झोपलेला असतो
दुसऱ्याच्या परवान्यावर.

डावीकडे लिहिलं:
देखभालीचे बावीस टक्के, दरसाल, न चुकता.
भाव प्रोसेसरच्या गाभ्यांवर. गाभे सोळा, राबतात सहा.
जेवणारे सहा आणि पानांचे पैसे सोळा.
अहमदाबादहून त्यांचा माणूस येतो,
दर वर्षी नवा, हसू मात्र तेच.
आमचा लिलो चिवडा खातो, बोटं पुसतो,
आणि निघताना दारातून म्हणतो,
"मॅडम, ऑडिट कधीही येऊ शकतं हं."
तेवढं एक वाक्य ते फुकट देतात.

पण हेही लिहिलं, खोटं कशाला बोलू:
विश्वामित्री फाटकापर्यंत आली त्या रात्री
दोन डिस्क एकदम गेल्या,
तेव्हा बंगळुरूचा एक मुलगा, इमॅन्युएल,
पहाटे तीनपासून आठपर्यंत माझ्या कानाशी होता.
त्याच्या मागे कुठेतरी तान्हं रडत होतं.
एक नोंद हरवली नाही.
याचा भाव कुठल्या आकड्यात धरायचा
ते मला अजून कळलेलं नाही.

उजवीकडे: ते हत्तीचं चित्र असलेलं.
किंमत शून्य.
कोणी कुठे बसून लिहितं, तिसराच कोणी चूक काढतो,
सगळे उघड्यावर भांडतात, आणि भांडण संपलं
की आपल्या हाती येतं ते बिनबोभाट चालतं.
दारी हत्ती झुलणं म्हणजे श्रीमंती, असं म्हणायचे.
इथे हत्तीला पैसे नाहीत. चाऱ्याला आहेत.
दोनशे बारा प्रोसिजर नव्याने लिहायच्या,
दर रविवारी बॅकअप नुसता घ्यायचा नाही,
परत उभा राहतो का ते बघायचं.
आणि माहूत लागतो. त्याचं पुढे बघू.

बुधवारी रात्री मी चाचणी घेतली,
सगळा माल एका यंत्रातून दुसऱ्यात.
एक्केचाळीस कामगारांपाशी गाडी अडली.
रकाना: वारसदार.
जुन्याला रिकामं आणि अज्ञात एकच,
दोन्ही एका गोणीत भरून मोकळं व्हायचं.
नवं तसं ऐकत नाही.
ते विचारतं, रिकामं म्हणजे काय?
याचं कोणीच नाही,
की कुणी याला विचारलंच नाही?

गुरुवारी सकाळी यादी घेऊन मशीन शॉपमध्ये गेले.
लेथवरचा रमेश राठवा म्हणाला, "मोठी बहीण लिहा,
तिनेच वाढवलंय मला. पण कोणी विचारलं नव्हतं."
नऊ वर्षं तो इथे आहे.
असे अडतीस निघाले.
तिघांनी खरंच मान हलवली, कोणी नाही.
त्या तिघांपुढे मी रिकामं लिहिलं, जाणूनबुजून,
आणि ते लिहायला बाकीच्यांहून जास्त वेळ लागला.

शुक्रवारी किरीटभाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
डावी बाजू वाचली, उजवी वाचली,
बेरजा बोटाने पुन्हा केल्या. बारा लाखांचा फरक.
मग उजवीकडच्या शेवटच्या ओळीवर थांबले:
रात्री दोनला फोन कोण उचलणार?
त्यापुढे मी काही लिहिलं नव्हतं.

"बेन, हे रिकामं राहिलं."

"रिकामं नाही," मी म्हटलं.
"तुम्ही अजून विचारलं नाहीत."

बाहेर कुठलासा व्हॉल्व्ह दाबावर तपासत होते,
शिट्टी वाजली, थांबली.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं.